समतोलाची भाषा आणि बलाढ्यांची जूट

कोणत्याहि धंद्यांत प्रतिस्पर्ध्याचें दिवाळें निघालें म्हणजे धन्यास संतोषच होतो. शेजारचें दुकान बंद पडलें कीं तेथलें गिऱ्हाईक आपल्या दारीं येतें. खेळाचा धंदा तेवढा याला अपवाद आहे. मल्ल कितीहि बलाढ्य असो, त्याला तोलामोलाची जोड मिळाली नाहीं तर फड भरत नाहीं. आणि जो सर्वांस सहज चीत करतो त्याची कुस्ती पाहावयास पुढच्या वर्षीं कोण येणार? वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें 1964 सालीं हाच विचार मुष्टियोद्धा जो लुई याच्या उदाहरणानें शास्त्रीय भाषेंत मांडला. आमच्याकडील कुस्तीच्या ठेकेदारांना तो त्यापूर्वींच पाठ होता, हा भाग निराळा.

या विचारावरून अमेरिकेंतील धंदेवाईक खेळांच्या मालकांनीं एक सिद्धांत काढला. संघासंघांत बळाचा समतोल राहिला नाहीं तर खेळ बुडेल. म्हणून त्या समतोलासाठीं खेळाडूंच्या स्वातंत्र्यास मर्यादा घालणें हें खेळाच्याच हिताचें होय, असा तो सिद्धांत. त्याची कसोटी पाहावयास बास्केटबॉलचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे. येथें समतोलाच्या नांवानें नियमांवर नियम झाले, आणि तरीहि दर पिढींत कोणता ना कोणता संघ सर्वांच्या छातीवर बसलाच. हा इतिहास चाळून आमचें असें मत झालें आहे कीं, समतोलाचा वाद वरवर पाहतां बलाढ्य संघ असावा कीं नसावा याविषयींचा दिसतो. वस्तुतः तो असा संघ जमविण्याचा अधिकार कोणाचा याविषयींचा आहे.

प्रथम खेळाची प्रकृति पाहूं. क्रिकेटमध्यें अकरांतील एक जण कितीहि मोठा असला तरी तो बाद झाला म्हणजे तंबूंत जाऊन बसतो. बास्केटबॉलमध्यें मैदानावर पांचच खेळाडू असतात, आणि त्यांतील उत्तम खेळाडू बहुतेक सर्व वेळ खेळतो. चढाईंत तोच, बचावांतहि तोच. शिवाय एका सामन्यांत दोन्ही पक्षांस प्रत्येकीं शंभराच्या आसपास चढाया मिळत असल्यानें केवळ दैवयोगानें दुबळ्याचा जय होण्याचा संभव थोडा. आणि अजिंक्यपदाचा निकाल सातांपैकीं चार सामने जिंकण्यावर असल्यामुळें तो थोडा संभवहि बहुतेक नाहींसा होतो. त्यांत निसर्गानें भर घातली आहे. सात फुटांच्या आसपास उंची असून हरणासारखा धांवणारा मनुष्य कोट्यवधींत एखादा. असा एक ज्याच्या पदरीं पडला त्याचें निम्में काम झालें, आणि दोन पडले तर इतरांनीं काय करावें?

जेम्स नाय्स्मिथ यानें 1891 सालीं स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेंत सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेव्हां हिवाळ्यांत तरुणांस गुंतवून ठेवण्यापलीकडे त्याचा हेतु नव्हता. 1946 सालीं बर्फावरील हॉकीच्या क्रीडागृहांचे मालक एकत्र जमले आणि रिकाम्या रात्री भरून निघाव्या म्हणून त्यांनीं धंदेवाईक लीग काढली. 1949 सालीं तिचा दुसऱ्या एका लीगशीं संयोग होऊन नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन निर्माण झाली. तिचा पहिला सार्वभौम संघ मिनियापोलिस लेकर्स. या संघांतील जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा खेळाडू. त्याच्या बळावर 1949 ते 1954 या सहा वर्षांत पांच अजिंक्यपदें लेकर्सकडे गेलीं. त्याला आवरण्यासाठीं 1951 सालीं टोपलीखालची सहा फुटांची पट्टी बारा फूट करण्यांत आली. त्याच्या आदल्या वर्षीं, 22 नोव्हेंबर 1950 रोजीं, फोर्ट वेन पिस्टन्स या संघानें चेंडू हातांत धरून नुसतें उभें राहण्याचें धोरण पत्करलें आणि 19-18 असा जय मिळविला. लेकर्सच्या त्या अठरांपैकीं पंधरा गुण एकट्या मायकनचे. असल्या कंटाळवाण्या प्रकारावर उपाय म्हणून सिराक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन यानें 1954 सालीं चोवीस सेकंदांचा नियम आणविला. चांगल्या सामन्यांत दोन्ही पक्ष मिळून एकशेंवीस वेळां चेंडू टोपलीकडे फेंकतात, तेव्हां अठ्ठेचाळीस मिनिटांना एकशेंवीसांनीं भागा, असा त्याचा साधा हिशेब होता. हे नियम खेळाचे होते. ते खेळाडूच्या पोटावर पाय देणारे नव्हते, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

परंतु प्राबल्य या शब्दाचा खरा अर्थ शिकविला तो बोस्टन सेल्टिक्स या संघानें. 1957 पासून 1969 पर्यंतच्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें, त्यांतलीं 1959 ते 1966 हीं आठ ओळीनें. असें प्राबल्य या असोसिएशनमध्यें नंतर कोणासहि साधलेलें नाहीं. तें साधलें कसें हें मोठें मनोरंजक आहे. बॉब कूझी हा चेंडू खेळविण्यांत जादूगार म्हणून गाजलेला खेळाडू बोस्टनला मिळाला तो 1950 सालीं शिकागोचा एक संघ मोडल्यावर त्याच्या तीन खेळाडूंच्या चिठ्ठ्या टोपींत टाकून सोडत काढली तेव्हां. आणि मालक वॉल्टर ब्राउन याला ही चिठ्ठी निघाली म्हणून प्रथम वाईटच वाटलें होतें. टॉम हाइन्सन मिळाला तो प्रादेशिक हक्कानें. आपल्या गांवाजवळच्या विद्यालयांतील खेळाडू आपली पहिली पाळी सोडून आधींच उचलण्याचा अधिकार त्या काळीं संघांस होता, तो 1965 पर्यंत टिकला. आणि बिल रसेल? 1956 सालीं निवडीची पहिली पाळी रॉचेस्टरची होती, दुसरी सेंट लुईची. सेंट लुईस एड मॅकॉली व क्लिफ हॅगन हे दोन खेळाडू देऊन रेड ऑअरबाख या प्रशिक्षकानें ती दुसरी पाळी घेतली. रॉचेस्टरनें रसेलला सोडून द्यावें म्हणून वॉल्टर ब्राउननें तेथल्या मालकास बर्फावरील नृत्याचे कांहीं खेळ पाठविण्याचें आमिष दाखविलें, अशी एक आख्यायिका सांगतात. तिच्या खरेपणाविषयीं वाद आहे. तथापि अशी गोष्ट रचली गेली आणि लोकांस पटली, एवढ्यावरूनहि त्या बाजाराचें स्वरूप कळून येतें. रॉचेस्टरनें सिह्यूगो ग्रीन याला निवडलें. तो संघ पुढें सिनसिनाटी, कॅन्सस सिटी व सॅक्रामेंटो असा गांवोगांव फिरला. 1951 नंतर 2025 पर्यंत त्याला एकहि अजिंक्यपद मिळालें नाहीं.

ऑअरबाखच्या या चातुर्याची अमेरिकेंत अद्यापि स्तुति होते, आणि ती योग्यच आहे. रसेलनें बचावाची कलाच नवी केली. ज्या बोस्टनमध्यें त्याला वर्णद्वेषाचा जाच सोसावा लागला त्याच बोस्टनच्या संघांत 26 डिसेंबर 1964 रोजीं प्रथमच पांचहि कृष्णवर्णी खेळाडू सामन्याच्या आरंभीं उतरले, आणि 1966 सालीं रसेल स्वतःच प्रशिक्षक झाला. पण आमचा मुद्दा निराळा आहे. हा संघ जमविला मालकानें व त्याच्या प्रशिक्षकानें. चिठ्ठीनें, हक्कानें आणि अदलाबदलीनें. मूळच्या सेंट लुईच्या मॅकॉलीला ती अदलाबदल मानवली, ही योगायोगाची गोष्ट. मानवली नसती तरी करारानें त्याच्यापुढें जाणें किंवा खेळ सोडणें हे दोनच मार्ग होते. आणि तेरांतलीं अकरा अजिंक्यपदें एका घरीं जाऊनहि, खेळाडूंनीं खेळाशीं द्रोह केला असें कोणी म्हटलें नाहीं.

त्या काळचा कायदा असा होता. विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूस ज्या संघानें निवडलें त्याच्याशींच त्यानें बोलणें करावयाचें. करार संपला तरी संघास तो आपल्या मर्जीनें पुढें चालविण्याचा अधिकार. म्हणजे कराराचा अंत खेळाडूच्या म्हातारपणींच यावयाचा. हें बंधन नसेल तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू विकत घेतील, असें मालक सांगत. याच युक्तिवादाचें सायमन रॉटनबर्ग यानें 1956 सालीं बेसबॉलच्या संबंधांत परीक्षण केलें आणि दाखविलें कीं, बंधन असो वा नसो, खेळाडू शेवटीं जेथें त्याचें मोल अधिक तेथेंच जाऊन पोहोंचतो. फरक इतकाच कीं, बंधन असलें म्हणजे त्याच्या जाण्याचा पैसा मालकाच्या खिशांत पडतो, नसलें तर खेळाडूच्या. समतोलाच्या सबंध वादाचें मर्म या एका वाक्यांत आहे असें आम्ही समजतों.

आश्चर्य असें कीं, या व्यवस्थेविरुद्ध पहिला आवाज निघाला तो त्या अजिंक्य बोस्टन संघांतूनच. कूझीनें 1954 सालीं खेळाडूंची युनियन स्थापन केली, आणि त्याच्यामागून हाइन्सन तिचा अध्यक्ष झाला. 14 जानेवारी 1964 रोजीं बोस्टनमध्यें सर्व लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना होता. दूरचित्रवाणीवर तो सर्व देशास दिसावयाचा होता. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलींत बसले आणि निवृत्तिवेतनाचें वचन मिळाल्यावांचून बाहेर येणार नाहीं म्हणाले. प्रक्षेपणाची वेळ येऊन ठेपली, मालक संतापले, अखेर आयुक्त वॉल्टर केनेडी यानें शब्द दिला, तेव्हां खेळ सुरू झाला.

1967 सालीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन नांवाची दुसरी लीग निघाली आणि खेळाडूंस प्रथमच दुसरें गिऱ्हाईक मिळालें. तिकडे जाऊं पाहणाऱ्या रिक बॅरीला न्यायालयाच्या हुकुमामुळें एक वर्ष घरीं बसावें लागलें. 1970 सालीं दोन्ही लीग एक होण्याचें घाटूं लागलें, तेव्हां युनियनचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यानें मक्तेदारीच्या कायद्याखालीं दावा लावून तो संयोग अडविला. ज्या वर्षीं दावा लागला त्याच वर्षीं रॉबर्टसनची सिनसिनाटीहून मिलवॉकीस अदलाबदल झाली. तेथें सात फुटांहून उंच असा ल्यू ॲल्सिंडोर होता. हाच पुढें करीम अब्दुल-जब्बार. तो मिलवॉकीस मिळाला होता नाणें उडवून. त्या काळीं पहिली निवड दोन सर्वांत दुबळ्या संघांत नाणेफेकीनें ठरे. 1969 सालीं फिनिक्सनें छापा मागितला, काटा पडला. दोघांच्या जोरावर 1971 सालीं मिलवॉकी अजिंक्य ठरला. म्हणजे खेळाडूच्या मुक्ततेसाठीं भांडणारा हा पुरुष स्वतः एका जबरदस्त जुटीचा घटक होता, आणि त्यांत कोणास विसंगति दिसली नाहीं. कारण ती जूटहि मालकांनींच बांधलेली होती. 1975 सालीं अब्दुल-जब्बारनें आपणांस मोठ्या शहरांत पाठवावें अशी मागणी केली आणि तो लॉस अँजेलिसला गेला. मिलवॉकीस पुढचें अजिंक्यपद मिळावयास 2021 साल उजाडलें.

1976 सालीं तडजोड झाली. करार आपोआप पुढें चालविण्याचा अधिकार गेला, आणि दुसऱ्या लीगमधले चार संघ आंत आले. मालकांचा सिद्धांत खरा असता तर यानंतर समतोल ढळावयास हवा होता. पण घडलें तें असें कीं, 1970 ते 1979 या दहा वर्षांत आठ निरनिराळे संघ अजिंक्य ठरले. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. एवढ्या समतोलाच्या दशकाच्या अखेरीस लोकांचें लक्ष खेळावरून इतकें उडालें होतें कीं, 1980 सालच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सामना देशाच्या बऱ्याच भागांत रात्रीं उशिरां, खेळ संपल्यावर दाखविण्यांत आला. याच्या उलट 1980 ते 1989 या काळांत प्रत्येक अंतिम मालिकेंत लेकर्स किंवा सेल्टिक्स होतेच. दहांपैकीं आठ अजिंक्यपदें या दोघांनीं वांटून घेतलीं. आणि खेळाची भरभराट झाली ती याच दशकांत. प्रेक्षकाला जोड हवी असते हें खरें. पण तेवीस सारख्या मल्लांची त्याला हौस असते असें दिसत नाहीं.

वेतनमर्यादा आली ती या भरभराटीच्या उंबरठ्यावर. बरेच संघ तोट्यांत होते. 1983 च्या करारानें खेळाडूंस उत्पन्नाच्या शेंकडा 53 टक्के देण्याचें ठरलें आणि त्याच्या बदल्यांत 1984-85 च्या हंगामापासून एका संघाच्या एकूण वेतनावर 36 लक्ष डॉलरांची मर्यादा पडली. सौदा एकतर्फी नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. पण त्या मर्यादेस प्रारंभापासूनच एक खिडकी ठेविली होती: आपल्याच खेळाडूस राखावयाचें असेल तर संघानें मर्यादा ओलांडली तरी चालेल. या सवलतीला नांव पडलें तें बोस्टनच्या लॅरी बर्डचें. म्हणजे प्रबळ संघ प्रबळच राहावे याची सोय समतोलाच्या कायद्यांतच झाली. 1997-98 सालीं शिकागोच्या मायकेल जॉर्डनला एकट्याला 3 कोटी 31 लक्ष डॉलर मिळाले, आणि त्या वर्षीं सबंध संघाची मर्यादा 2 कोटी 69 लक्ष होती!

मालकांस हें खपलें नाहीं. त्यांनीं 1998 सालीं टाळेबंदी केली, हंगाम पन्नास सामन्यांवर आला, आणि 1999 च्या करारांत एका खेळाडूच्या वेतनासहि कमाल मर्यादा ठरली. हा नियम आम्ही सर्वांत विचार करण्यासारखा मानतों. सर्वोत्तम खेळाडूचें खरें मोल जर कमाल वेतनाच्या दुप्पट असेल, तर जो संघ त्याला कमाल वेतन देतो त्याला तो अर्ध्या किमतींत पडतो. असे दोन-तीन खेळाडू एकत्र आले तर लाभ दुणावतो. शिवाय सगळीकडे वेतन सारखेंच मिळणार असेल तर खेळाडूनें निवड करावी ती कशावरून? गांवावरून, हवेवरून आणि सोबत्यांवरून. ज्याला तिकडे 'सुपरटीम' म्हणतात तिचें बीज मालकांनीं आपल्या हातानें पेरलें तें असें.

2007 सालीं बोस्टनचा व्यवस्थापक डॅनी एंज यानें केव्हिन गार्नेट व रे ॲलन यांना अदलाबदलीनें आणून पॉल पिअर्सच्या जोडीला बसविलें. गार्नेटसाठीं मिनेसोटास पांच खेळाडू व निवडीच्या दोन पाळ्या दिल्या. आणि मिनेसोटाचा कारभारी केव्हिन मॅकहेल हा एंजचा बोस्टनमधील जुना सोबती होता. आदल्या हंगामांत ज्या संघानें फक्त 24 सामने जिंकले होते त्यानें 66 जिंकले आणि 2008 चें अजिंक्यपदहि. सर्वत्र वाहवा झाली. तीनच वर्षांनीं, 8 जुलै 2010 रोजीं, लेब्रॉन जेम्स या क्लीव्हलँडच्या खेळाडूनें करार संपल्यावर आपण मायामीस ड्वेन वेड व क्रिस बॉश यांच्याबरोबर खेळणार असल्याचें दूरचित्रवाणीवरून जाहीर केलें. तोहि तिघांचाच संघ. पण आतां क्लीव्हलँडमध्यें त्याच्या नांवाचे सदरे जाळण्यांत आले, मालक डॅन गिल्बर्ट यानें त्याला विश्वासघातकी ठरविणारें जाहीर पत्र लिहिलें, आणि खेळाचें आतां कसें होणार म्हणून जुने खेळाडूहि हळहळले. जाहीर करण्याची ती तऱ्हा अभिरुचीस सोडून होती हें आम्हांसहि मान्य आहे. घरच्या माणसांस दूरचित्रवाणीवरून निरोप देऊं नये. पण अभिरुचि निराळी आणि अधिकार निराळा. एंजनें केलें तें चातुर्य आणि जेम्सनें केला तो द्रोह, असें ठरविणारी नीति मालकाच्या कचेरींत जन्मलेली आहे.

पुढच्याच वर्षीं पुन्हां टाळेबंदी झाली. कारण सांगितलें समतोलाचें. पण ती उठली तेव्हां खेळाडूंचा वांटा उत्पन्नाच्या 57 टक्क्यांवरून सुमारें 50 वर आला होता. टाळेबंदी उठली त्याच दिवशीं, 8 डिसेंबर 2011 रोजीं, क्रिस पॉल याची न्यू ऑर्लिअन्सहून लेकर्सकडे ठरलेली अदलाबदल आयुक्त डेव्हिड स्टर्न यानें रद्द केली. न्यू ऑर्लिअन्सचा संघ त्या वेळीं लीगच्याच मालकीचा होता, हें या प्रकरणांतील मोठें सोयीचें अंग. थोड्याच दिवसांनीं पॉल त्याच शहरांतील दुसऱ्या संघांत, क्लिपर्समध्यें गेला.

मग 2016. नव्या दूरचित्रवाणी कराराचे नऊ वर्षांचे 2,400 कोटी डॉलर येऊं लागले आणि वेतनमर्यादा एका वर्षांत 7 कोटींवरून 9 कोटी 41 लक्षांवर गेली. ही उडी टप्प्याटप्प्यानें घ्यावी ही लीगची सूचना युनियननें नाकारली. त्या एका उन्हाळ्यांत गोल्डन स्टेट वॉरिअर्स हा संघ, जो नुकताच 73 सामने जिंकून अंतिम मालिकेंत क्लीव्हलँडकडून हरला होता, त्याला केव्हिन ड्युरंट मिळाला. स्टीफन करीच्या घोट्याच्या दुखापतींमुळें त्याचा जुना करार चार वर्षांचा, अवघा 4 कोटी 40 लक्षांचा होता, त्याचाहि येथें उपयोग झाला. 2017 च्या बादफेरींत हा संघ सतरांतला एक सामना हरला. त्याचा खेळ पाहतांना डोळ्यांचें पारणें फिटे. पण निकालाविषयीं उत्कंठा कोणासहि नसे, आणि हा दोष आम्ही लहान मानीत नाहीं.

खेळाडूंच्या पक्षानें इतकें लिहिल्यावर गांवांची बाजू सांगितली पाहिजे. क्लीव्हलँड, मिलवॉकी, ओक्लाहोमा सिटी यांसारख्या शहरांत समुद्रकिनारा नाहीं, सिनेमाचा धंदा नाहीं, हिवाळा कडक. तेथल्या मनुष्याला अजिंक्यपदाची आशा म्हणजे एक मोठा खेळाडू. तो निघून गेला कीं पुढचीं दहा वर्षें रिकामीं. ड्युरंट ओक्लाहोमा सिटी सोडून गेला तेव्हां तिथल्या लोकांस झालेलें दुःख खरें होतें. फक्त तो संघ मुळांत सिएटलचा, आणि 2008 सालीं मालकांनीं तो उचलून तेथें नेला होता, हेंहि सांगावयास पाहिजे. सिएटलचें दुःख कमी खरें होतें काय?

नुसती नांवें जमविल्यानें अजिंक्यपद मिळतेंच असेंहि नाहीं. 1969 सालीं लेकर्सकडे चेंबरलेन, वेस्ट व बेलर हे तिघे होते. मालकानें विजयोत्सवाचे फुगे क्रीडागृहाच्या छताला आधींच बांधून ठेवले, आणि म्हातारा झालेला बोस्टन संघ दोन गुणांनीं जिंकून गेला. ब्रुकलिननें ड्युरंट, अर्व्हिंग व हार्डन यांना एकत्र आणलें, ते तिघे मिळून अवघे सोळा सामने खेळले.

2023 च्या करारानें मर्यादेवर दुसरी मर्यादा बसविली. ती ओलांडणाऱ्या संघास आतां नुसता कर नाहीं, तर अदलाबदल करण्याचे कांहीं मार्गहि बंद. 2019 ते 2025 या सात वर्षांत सात निराळे संघ अजिंक्य झाले, असें पूर्वीं कधींहि घडलें नव्हतें. अर्थात् त्यांतले बरेचसे या करारापूर्वींचे आहेत. 2024 चा विजेता बोस्टन, त्याला 2025 च्या उन्हाळ्यांत हॉलिडे व पोर्झिंगिस यांना खर्चाच्या धाकानें बाहेर पाठवावें लागलें. आणि त्याच वर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं डॅलसनें लुका डोंचिच याला लॉस अँजेलिसला देऊन टाकलें. पंचवीस वर्षांचा हा खेळाडू. आदल्याच वर्षीं त्यानें डॅलसला अंतिम मालिकेपर्यंत नेलें होतें. त्याला ही बातमी कळली ती रात्रीं, सौदा पक्का झाल्यावर. डॅलसच्या लोकांनीं क्रीडागृहाबाहेर निदर्शनें केलीं, पण ओरडा होता तो व्यवस्थापकाच्या नांवानें, खेळाडूच्या नव्हे. मे महिन्यांत नवागतांच्या निवडीची सोडत निघाली. पहिली पाळी मिळण्याचा संभव शंभरांत दोनाहूनहि कमी असतां ती डॅलसलाच मिळाली, आणि अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग जून महिन्यांत तेथें दाखल झाला.